पुसलेली पेन्सिल

ती काचांची पेटी आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. शिपाई म्हणून भरती होऊन, एकेक फीत कमवत मी सहायक फौजदार झालो होतो. माझे साहेब थेट परीक्षा देऊन आलेले, वयाने माझ्या मुलाएवढे.

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओचे मालक ठाण्यात आले. वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या चाळीस काचेच्या निगेटिव्ह पेटीसह गायब होत्या आणि पाच दिवसांवर शाहूपुरीत त्यांचं प्रदर्शन होतं. संशय दुसऱ्या एका स्टुडिओवाल्यावर. साहेबांनी तक्रार अर्ज माझ्याकडे सरकवला.

कुलूप शाबूत होतं. म्हणजे किल्ली कुठे ठेवतात हे ठाऊक असलेला माणूस. समोरच्या चहावाल्याला गाठलं.

"एक म्हातारं मांडीवर पेटी घेऊन रिक्षात बसलं बघा. लेकरागत धरलीती. कोडोलीची गाडी कुठनं सुटती म्हणून इचारत होतं."

कोडोलीत त्या स्टुडिओचा जुना कारागीर राहत होता. दारातच टर्पेंटाईनचा वास आला. पेटी खिडकीखाली होती. "घ्या मोजून," तो म्हणाला. चाळीसच्या चाळीस होत्या, एकीला तडा नाही. पेटी आणि म्हातारा, दोघांना ठाण्यात आणलं.

मालकाने एक काच उजेडाला धरली आणि तो मटकन बाकावर बसला. "पुसलंय! सगळं पुसलंय यानं!"

मी टेबलावर हात आपटला. "काका, वयाचा मान ठेवतोय. काय पुसलंत?"

"टर्पेंटाईननं माझं तेवढं पुसलं, साहेब. काचेवर सगळं उलटं असतंय. सुरकुतीची काळी रेघ तितं कोरी दिसती. तिच्यावर बारीक पेन्सिल मारली की कागदावरनं सुरकुती जाती. देवीचे वण जात्यात. अठ्ठावीस वर्षं मारली. गिऱ्हाइकांचे पेढे यांच्या वडलांना मिळायचे."

"पगार घेत होता की!" मालक ओरडला.

"घेतला. पण प्रदर्शनाच्या बोर्डावर काय लिवलंस? 'बाबांच्या हाताची जादू.' मग दाव की आता जादू!"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. गुन्हा अजून नोंद नव्हता. मी मालकाला म्हणालो, "केस करा. काचा मुद्देमाल म्हणून जमा होतील. प्रदर्शन कोर्टाच्या तारखांनंतर." तो नरमला.

"नाव घालतो. खाली, कोपऱ्यात."

"सारख्या मापात," म्हातारा म्हणाला.

"अरे, कॅमेरा बाबांचा होता!"

"आणि चेहरे?"

तासभर घासाघीस झाली. मी दोघांवरही आवाज चढवला. शेवटी ठरलं: नाव त्याच ओळीत, त्याच मापात, आणि म्हाताऱ्याने जमेल तितक्या काचांवर पुन्हा पेन्सिल मारायची. थरथरत्या हाताने अकराच झाल्या. बाकीचे चेहरे वणांसकट लागले.

उद्घाटनाला मी गेलो. बोर्डावर दोन नावं होती. म्हातारा त्याच्याखालून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला: साहेब, शेजारी पेटी. खाली मजकूर, 'तरुण अधिकाऱ्याचा कौशल्याने तपास.' मीही तिथे उभा होतो, पण फोटोत माझी फक्त बाही आली.

माणूस पैशासाठी जेवढा बिथरतो, त्याहून जास्त नावासाठी बिथरतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्या म्हाताऱ्याचा मला राग कधी आला नाही. हेवा मात्र वाटतो. माझ्या तपासाचे कागद माझ्या अक्षरात, दुसऱ्याच्या सहीखाली अजून दप्तरात पडून आहेत. त्याच्याकडे निदान टर्पेंटाईन तरी होतं.