नेमसिंगच्या धुऱ्यावरची बाटली

मारेगावकडच्या त्या बंजारा तांड्यावर सुखीबाई कुणाला भ्यायची नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. पण साखरेला भ्यायची. थोरली बहीण तानाबाई, तिचा पाय शुगरपायी गुडघ्याखालून कापला. तेव्हापासून सुखीबाई चूल पेटवायच्या आधी रोज स्वतःचे तळपाय उलटे करून न्याहाळायची. अन् एक दिवस शुगर तिलाही निघाली.

उपकेंद्रातल्या दीपा सिस्टरनं गोळ्या दिल्या, समजावलं, "मावशी, वय झालं का अंगाले आतून गंज चढते. हिरव्या, तांबड्या भाज्यांत तो गंज अडवणारं असते काही. आंबाडी खा, शेवगा खा. अन् गोळी जेवणासंगच घ्या."

सुखीबाईनं त्यातला गंज तेवढा उचलला. विळ्याचा गंज तिनं जन्मभर घासला होता, तो तिला समजत होता. तिनं भाकर सोडली, भात सोडला. नुसती उकडलेली आंबाडी, अन् वर गोळी. सून बबिता म्हणायची, "याडी, अर्धी तरी भाकर खा."

"भाकरीतबी साखर रायते म्हणे. तुले माया पाय कापाचा हाय का?"

आता अडचण आंबाडीची. आधी कपाशीच्या कडेनं सगळेच ती पेरायचे. कापसाचे दिवस फिरले, फवारणी वाढली अन् धुरे, म्हणजे वावरांचे बांध, बोडके झाले. आंबाडी उरली एकट्या नेमसिंगच्या वावरात. हा नेमसिंग तिचा चुलतदीर, अन् चिकट असा, की घरी पाहुणा आला की विचारणार, "चहा गोड चालते का?" आणि 'नाही' ऐकायला कान टवकारून बसणार.

तांड्याची रीत अशी, की विषारी फवारा मारला की धुऱ्यावर काठी रोवायची, वर औषधाची रिकामी बाटली उलटी अडकवायची. मग बाया भाजी खुडत नाहीत. नेमसिंगची बाटली बारमाही लटकलेली, फवारा असो की नसो. बाया तिला हसायच्या अन् खुशाल पदर भरून आंबाडी न्यायच्या.

एके दिवशी सुखीबाईनंही तिथलीच आणली, उकडली, खाल्ली, गोळी घेतली. दुपारी हापशीवर शेजारची कौसल्या म्हणाली, "आवं, नेमसिंगनं काल खरंच फवारलं म्हणते. अळी पडली ना."

सुखीबाईच्या हातून घागर सुटली.

घरी पोचेस्तोवर अंगाला दरदरून घाम. हात थरथर, ओठ बधिर, छातीत कांडण सुरू. "बबिता, मले वीख लागलं वं."

त्या वर्षांत हा शब्द कुणी हसण्यावारी नेत नव्हतं. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन गेलेली माणसं खाटेवरून परत आलेली तांड्यानं पाहिली होती. बबिता धावत सुटली. सिस्टर अंगणवाडीत लसी देत होती, ती तशीच आली. बोट टोचलं, मशीन बघितलं अन् ओरडली, "साखर आणा! पयले साखर!"

सुखीबाईनं दात आवळले. आतून वीख, वरून साखर! "नको... पाय..."

"मावशी, शुगर वाढली नाई, पार खाली गेली. पोटात भाकर नाई अन् वरून गोळी. तोंड उघडा!"

तेवढ्यात नेमसिंग धापा टाकत दारात. तोंड हळदीसारखं पिवळं. "भोजाई, नाई फवारलं वं! बाटलीले कोणी भेत नोयतं, म्हून म्याच आवई उठवली."

पण या माणसाचं खरं कुठलं, कालचं की आजचं? सुखीबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पावलांकडे. डोळे गच्च मिटले अन् मरायला निघाल्यासारखं तोंड उघडलं.

थोड्या वेळानं थरथर ओसरली. तरी सिस्टरनं तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलंच. नेमसिंगच्या जबानीवर कोण जीव ठेवणार? वीख निघालं नाही. डॉक्टरनं गोळी कमी केली, भाकर चालू केली.

सुखीबाई आता भाकरीसंगं आंबाडी खाते. धुऱ्यावर बाटली अजून तशीच. मात्र खुडायच्या आधी ती नेमसिंगला हाक मारते, एक कच्चं पान त्याच्या हातावर ठेवते. "चाव." तो चावतो, गिळतो. ती त्याचं तोंड बघत उभी राहते, अन् मगच पदर खोचते.

परवा त्यानं पान हातात घेतलं. उलटंपालटं केलं. मान खाली घातली, पण ते तोंडाकडे काही नेलं नाही.

सुखीबाई आल्या पावली मागं फिरली.