काकांची सूनबाई

सावकाशपणाची सरकारी नोकरी असती तर आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांना बढतीवर बढती मिळाली असती. पण ते पडले दुखण्यावरच्या गोळ्यांच्या कारखान्यात, आणि मी पडले त्यांच्या शेजारच्या टेबलावर. उस्मानपुऱ्यात कंपनीची बस रोज त्यांच्यासाठी खोळंबायची, कारण चहातली साखर पुरती विरघळल्याशिवाय ते घोट घेत नसत. देवगाव रंगारीच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाचं डोकं चढलं. काकांनी पाकिटावरची तारीख वाचली, गोळी मोडून उजेडात धरली, पुन्हा तारीख वाचली. तोवर अक्षता पडल्या आणि मामाचं डोकं आपोआप उतरलं.

मग यंत्र आलं. गोळीवर प्रकाश टाकला की औषध किती ते अर्ध्या मिनिटात सांगायचं. काकांना त्याच कामाला दिवस लागे: गोळ्या खलात कुटायच्या, औषध द्रावणात उतरवायचं, मग काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत गुलाबी रंगाची वाट पाहायची. साहेबांनी ठरवलं, तीन महिने दोन्ही चालवू. आकडे जुळले तर काकांचं टेबल उचलायचं आणि त्यांना कागदपत्रांच्या खोलीत बसवायचं. नाही जुळले तर यंत्र परत. काका यंत्राला सूनबाई म्हणू लागले. “सूनबाई काय म्हणती?” असं सकाळी विचारायचे, आणि मी आकडा सांगायला लागले की कानांवर हात ठेवायचे. स्वतःचा आकडा लिहून झाल्याशिवाय तिचा ऐकायचा नाही. त्यांचा आकडा येईपर्यंत उभं राहून राहून माझे पाय सुजायचे. एकदा वैतागून म्हटलं, “काका, दोन थेंब जास्त सोडा ना. टेबल तरी वाचेल.”

नळीवरची नजर न हलवता ते म्हणाले, “ताई, आमच्या घरचीच्या गुडघ्याला हीच गोळी लागती. खोटा आकडा लिहून घरी कसा जाऊ?”

शेवटच्या दिवशीही आकडे जुळले. काकांनी नेहमीसारखी सावकाश सही केली, नळी धुऊन पुसली. “शहाणी हाय सूनबाई,” म्हणाले, “तरी लक्ष ठेवा जरा.”

आता सगळे रिपोर्ट अकराच्या चहाआधी तयार असतात. चार खोल्या पलीकडे बसलेल्या माणसाची आठवण यावी हे विचित्रच, पण येते. टेबल गेलं, नळी मात्र मी माझ्या कपाटात ठेवून घेतली आहे. अधूनमधून गोळ्या कुटते, गुलाबी रंग येईपर्यंत उभी राहते. आकडा जुळतो. तो सांगायला कागदपत्रांच्या खोलीत जाते, तेव्हा काका साखर विरघळायची वाट पाहत बसलेले असतात.