मॅरेथॉनचा निरोप्या

आमच्या घरात फोनवर कुणी मरत नाही. फोनवर माणूस फक्त 'सिरियस' होतो. काका सिरियस आहेत असं ऐकून मी ओटावाहून निघाले, आणि घरी पोचले तेव्हा त्यांच्या अस्थीही नदीत सोडून झाल्या होत्या. लांबच्या माणसाने सगळा प्रवास रडत करू नये म्हणून ही सोय. सोय नक्की कुणाची, हे मला अजून कळलेलं नाही.

चाळिशी ओलांडल्यावर मी मॅरेथॉनसाठी नाव दिलं. ओटावाजवळच्या कनाटा उपनगरातल्या आमच्या ऑफिसातल्या बायका धावायच्या, त्यांच्या नादाने. साताऱ्याला फोन करून सांगितलं, तर आई म्हणाली, "एवढं धावून जायचंय कुठे?" बाबा मात्र खूश. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, त्यांनी फोनवरच तास सुरू केला.

"ती गोष्ट खरी समजू नकोस हं," ते म्हणाले. "मॅरेथॉनच्या मैदानात ग्रीकांनी इराण्यांना हरवलं, हे खरं. पण एक निरोप्या तिथून अथेन्सपर्यंत धावला, 'आपण जिंकलो' म्हणाला आणि कोसळून मेला, हे मागाहून कुणीतरी चिकटवलंय. जुन्या इतिहासात तो लढाईच्या आधी धावलाय, स्पार्टाकडे मदत मागायला. आणि स्पार्टावाले काय म्हणाले? पौर्णिमा झाल्याशिवाय निघता येत नाही! शत्रू दारात, आणि हे मुहूर्त बघत बसलेत. आपलेच कुणीतरी नातेवाईक असणार."

स्वतःच्या विनोदावर ते ठसका लागेपर्यंत हसले.

"मग वर्गात काय शिकवायचात?"

"मेला, असंच. पोरं तेवढ्यापुरती तरी गप्प बसायची."

त्यानंतर दर रविवारी कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर दाबून मी त्यांना त्या आठवड्याची हकिकत सांगायची. कालव्याच्या काठाने धावताना पापण्यांवर बर्फ धरतो, हे ऐकून ते आईला हाका मारून सांगायचे. त्यांच्या तब्येतीचं विचारलं की म्हणायचे, "माझं राहू दे. तू पोचलीस की पहिला फोन मला." एप्रिलमध्ये त्यांचं बोलणं तुटक व्हायला लागलं. मी तिकीट काढते म्हटलं तर चिडले. "आधी धावून घे. मी काही पळून जात नाही." मला त्या एका फोनसाठी धावायचं होतं. मेडलबिडल गेलं खड्ड्यात.

मे महिन्यातल्या त्या रविवारी नवरा वाटेत ठिकठिकाणी उभा होता. शेवटच्या पुलाजवळ दिसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. झाडं फुलली की त्याला ॲलर्जी होतेच, मला तेच वाटलं. "चल, थोडंच राहिलं," तो ओरडला आणि त्याचा आवाज चिरकला. पुढे माझे पाय माझे नव्हतेच. बाबांना काय सांगायचं ते मनात घोळवत मी पोचले.

कुणीतरी अंगावर चमकत्या फॉइलचं ब्लँकेट टाकलं. मी नवऱ्याला म्हटलं, "फोन दे. कार्ड कुठाय?" तो जागचा हलला नाही. मग म्हणाला, "तुझ्या दादाचा फोन होता. बाबा जरा सिरियस आहेत."

"कधी?" मी विचारलं.

अशा वेळी 'किती?' असं विचारायचं असतं. मी 'कधी?' विचारलं, आणि तो रडायला लागला. "सकाळी, तू बूट बांधत होतीस तेव्हा. आई म्हणाल्या, तिला धावू दे."

मी त्याच्या छातीवर मुठी मारल्या. मी ज्या माणसासाठी धावत होते तो सुरुवातीपासूनच नव्हता, आणि हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. मला सगळ्यांचा राग आला, बाबांचासुद्धा. असं कुणी जातं का? शेजारून एका बाईने, मी आनंदाने रडतेय असं समजून मला मिठी मारली. "यू डिड इट, हनी!"

मी तिला ढकललं नाही. तेवढी ताकद उरली नव्हती.

नंबर शेवटी नवऱ्यानेच लावला. साताऱ्यात रात्र झाली होती, आणि बाबांना सकाळी नेणार होते. फोन आईने घेतला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "पोचलीस का?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण, आई."

तिने फोन ठेवला नाही, नुसता बाजूला धरला. बाबांना अलीकडे कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांच्याशी बोलताना ती आवाज चढवायची, तसाच तिने चढवला. "अहो, पोचली ती. पूर्ण धावली." आणि ते काहीतरी म्हणतील म्हणून थांबावं, तशी ती थोडा वेळ थांबली.