नुसता जिना आहे

आमच्या घरात भुताचे सिनेमे बघायची एक रीत आहे. ज्याला भीती वाटेल त्यानं डोळे मिटायचे आणि शेजारच्यानं पुढचं सांगत राहायचं. ही रीत आईनं पाडली. तिला ते सिनेमे सोसायचे नाहीत आणि सोडवायचेही नाहीत. पदर डोळ्यांवर ओढून ती विचारायची, "आलं का?" बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचे, "काही नाही. नुसता जिना आहे." मग पदर हळूच खाली यायचा. आई गेली, पण रीत राहिली. आता पदराच्या जागी माझ्या सात वर्षांच्या लेकीची चादर असते.

बाबांना रक्त आणि कवट्यांचा बाजार चालत नाही. त्यांना जुने काळे-पांढरे सिनेमे लागतात. त्यात एक मोठं घर असतं, घरात एक खोली बंद असते आणि शेवटपर्यंत कोणी काही दाखवत नाही. "भूत दिसलं की केस संपली," असं त्यांचं मत आहे. आयुष्यभर वकिली केलेला माणूस, त्यामुळे मत दिलं म्हणजे निकालच दिला. मी लहानपणापासून त्यांच्याशी वाद घालत आले आणि प्रत्येक वेळी हरत आले. माझा आवाज चढतो आणि त्यांचा उतरतो, तिथंच माझी बाजू पडते.

त्या रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही नेहमीसारखी तयारी केली. खिडकीला पडद्यावर आणखी एक जाड चादर लावून चिमटे अडकवले. बाहेर काचीगुडा स्टेशनातल्या घोषणा चालू होत्या, त्यांना काही इलाज नाही. सिनेमा बाबांच्या खास आवडीचा, मीही पाच-सहा वेळा पाहिलेला. घराची मालकीण एकटीच जेवत असते, वरच्या मजल्यावर काहीतरी करकरतं, ती उठून जिन्यापाशी जाते. जिन्याच्या वळणावर एक जाड पडदा आहे. खिडकी बंद असूनही तो हलतो. एवढंच. पण आजही मला तिथं पाय वर घेऊन बसावं लागतं.

मालकीण जेवायला बसली तशी लेक चादरीत शिरली. "आजोबा, सांगा."

तेवढ्यात नेटनं दगा दिला. चित्र अडकलं, आवाज मात्र चालूच राहिला. टीव्हीवर ती बाई तोंडाशी चमचा धरून थिजली होती आणि मागे जिना करकरत होता. मी रिमोट शोधायला वाकले.

"उठली बरं का ती," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "आता जिन्यापाशी आली. वर बघते आहे."

मला वाटलं, नातीची गंमत करत असतील. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढे झुकून, भुवया आवळून टीव्हीकडे बघत होते. चष्म्याच्या काचेत तो चमचा स्पष्ट दिसत होता.

"बाबा," मी विचारलं, "कठडा कुठल्या हातानं धरलाय तिनं?"

"उजव्या. बघ की, दिसते ना."

टीव्हीवर चमचा अजून तोंडाशीच होता.

"पडदा हलला का, आजोबा?" चादरीतून आवाज आला.

"हलला. नको बघूस. थांब जरा." आणि मग, अगदी आईला सांगायचे तसं, "हं, उघड आता. काही नाही, नुसता जिना आहे."

तिनं चादरीतून डोळे बाहेर काढले तेव्हा चित्र उडी मारून पुढे आलं होतं आणि खरंच जिना होता. त्या पोरीला काही कळलं नाही. मला पुढचा सिनेमा दिसलाच नाही. मी बाबांकडेच बघत बसले आणि गेल्या वर्षभरातलं एकेक पुढे येऊ लागलं. पेपर त्यांनी बंद केला होता, म्हणे त्यात वाचण्यासारखं उरलंय काय! चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे. बेगम बाजारातून मसाले आणताना पुडी पुडी नाकाशी धरायचे आणि मी कौतुकानं म्हणायचे, काय पारख आहे. स्कूटरच्या पुढच्या मडगार्डला पोचा आला होता. "कोणी तरी ठोकली," असं म्हणाले होते. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण इथं आम्हीच सगळे डोळे मिटून होतो.

आणि त्याच स्कूटरवर, दर रविवारी, माझी लेक त्यांच्या मागे बसून सुलतान बाजारात गाण्याच्या क्लासला जायची.

सिनेमा संपला. बाबांनी चिमटे काढले, चादर घडी केली. "चल गं, क्लासला उशीर नको," म्हणत खुंटीवरच्या किल्लीकडे हात नेला. हात सरळ किल्लीवर गेला. माझाच विश्वास डळमळला. इतका सराईत हात आंधळ्याचा कसा असेल?

"बाबा, आज रिक्षानं जाऊ. मीही येते."

"कशाला उगाच परेशान होतेस? दहा मिनिटांचा रस्ता."

"तुम्हाला नीट दिसत नाहीये."

"कोण म्हणतं? पुरावा?" ते हसले. "आत्ता तुझ्यासमोर सिनेमा पाहिला की."

लेक चपला घालून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर हरलेच असते. ते अंगणात उतरले, स्कूटर स्टँडवरून काढली, तोंड फाटकाकडे वळवलं. लेक मागे चढून त्यांचा शर्ट घट्ट धरून बसली.

मी मागच्या दारानं घराला वळसा घालून फाटकापाशी आले आणि उघड्या फाटकात मधोमध उभी राहिले. बाबांच्या बरोबर समोर. लेकीला बोटानं गप्प राहायची खूण केली. कडुनिंबाची सावली होती, पण अंधार नव्हता. भर दुपार नुकती कलली होती.

बाबांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांची नजर होती आणि त्या नजरेत मी नव्हते.

मग मान घराकडे वळवून, रिकाम्या दाराकडे, त्यांनी हाक मारली, "अगं, निघालो गं आम्ही! फाटक लावून घे!"

इतक्या सिनेमांत मला कधी इतकी भीती वाटली नाही. आमच्या अंगणात भूत उभं होतं आणि ते मीच होते.

त्यांनी स्कूटर चालू केली. लेकच बोलली. तिनं त्यांचा शर्ट ओढला.

"आजोबा, आई समोरच उभी आहे."

बाबांचा हात ब्रेकवर आवळला. स्कूटर बंद झाली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, नातीला.

"तुम्ही हाक मारली, तेव्हापण होती."

त्यांनी मान किंचित तिरकी केली, पाखरं करतात तशी, आणि मग मी त्यांना सापडले. "ज्याच्याकडे बघतो नं, तेच दिसत नाही," ते म्हणाले. "मधोमध काळं आहे. कडेकडेनं सगळं आहे. वर्ष होऊन गेलं."

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडलेच आता, आणि रडलेही.

"सांगितलं असतं तर हिला नेऊ दिलं असतंस?"

आई गेल्यापासून त्यांच्या हातात दुसरं कुठलं काम उरलं होतं? त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या दिशेनं धरली. जरा चुकीच्या दिशेनं. मी तिथं जाऊन ती घेतली.

क्लासला आम्ही तिघं रिक्षानं गेलो. बाबा मधे, डोळे मिटून, हात मांडीवर. चौकात एका बसनं अंगावर येत कर्कश हॉर्न दिला आणि ते दचकले. हा माणूस दचकलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

लेकीनं त्यांचा हात धरला. मान बाहेर काढून रस्ता नीट पाहून घेतला.

"काही नाही, आजोबा," ती म्हणाली. "नुसती बस आहे."