नव्वद लाख छत्तीस हजार सहाशे एक्क्याण्णव

काकांनी आयुष्यभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले आणि त्यातल्याच एका मीटरपायी त्यांचं लग्न जमलं. काकूंच्या माहेरच्या मीटरवर नंबर कोरलेला होता, ९०३६६९१. तो उतरवून घ्यायला काका तीन महिन्यांत पाच वेळा आले. "अहो, नंबर तोच आहे की!" असं काकूंचे वडील म्हणाले, तेव्हा काकांचं बिंग फुटलं.

निवृत्तीनंतर काकांनी जाहीर केलं, की ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही तिला पूर्ण भाग जायचा नाही. "आपला आकडा आहे, फुटायचा नाही!" पण नुसतं म्हणून त्यांचं समाधान होईना. तीन हजारांच्या किंचित पुढपर्यंत प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिलं, की खात्री पटणार होती. मग दर रविवारी चहानंतर एक भागाकार, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. कॅल्क्युलेटर म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध लबाडी. आठ वर्षांत चारशे चौदा भागाकार झाले. दर वेळी बाकी उरली की स्वारी दिवसभर खूश. काकू त्यांना वेड्यात काढत, पण त्या वेळी कुणी आलं तर त्याला स्वतःच बाहेरच्या खोलीत थोपवून धरत.

बुधवारी लेक आली. तिने सहज फोनवर तो आकडा टाकला आणि जीभ चावली.

"आई, २८५७ने पूर्ण भाग जातोय गं."

येत्या रविवारी २८५७चीच पाळी होती. आता ह्यांचं मन मोडणार, आणि तेही आपल्या माहेरच्या आकड्याने! तीन दिवस त्यांना घास गोड लागला नाही.

रविवारी काकांनी चहा संपवला, चष्मा पुसला आणि पेन्सिल चक्क काकूंच्या हातात दिली. "आज तू कर."

असं कधीच झालं नव्हतं. काकू भागाकाराला बसल्या. शेवटी ८५७१मधून ८५७१ वजा करायचे उरले. तिथे गुपचूप बाकी म्हणून एक लिहिला असता, तर काका आनंदाने पुढच्या संख्येकडे वळले असते. बायकोचं गणित त्यांनी तपासलं नसतं. काकूंचा हात थांबला. मग त्यांनी शून्य लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

"गेला हो पूर्ण," त्या म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना.

"माहीत आहे. बुधवारी तुम्ही दोघी कुजबुजत होतात, तेव्हा मी काही बहिरा नव्हतो."

"मग मला कशाला बसवलंत?"

"मी बसलो असतो, तर एक लिहिला असता."

काकांनी कागद जवळ ओढला आणि वर आलेल्या उत्तरावर बोट ठेवलं. "३१६३. हिला आता कशानेही फोडता यायचं नाही. फोडणारे असते, तर आधीच्या चारशे चौदांतच सापडले असते." त्यांनी २८५७ आणि ३१६३ शेजारी शेजारी लिहिले. "दोघंच आहेत बघ आत. तुझा कोणता?"

"मोठा," काकू डोळे पुसत म्हणाल्या.