मनगटाची वाट

जयसिंगरावांनी हयातभर राग गिळला, आणि त्यावरच त्यांचे पोट चालले. झाशीच्या वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीमागे त्यांची सारी नोकरी सरली. उन्हाळ्यात वीज गेली की सारे शहर त्यांनाच शिव्या घाली, आणि ते मान खाली घालून म्हणत, "जी भैया, लिख लिया." निवृत्तीनंतर खिडकी सुटली, ओरछा गेटजवळच्या घरातली थोरली बहीण सुटली नाही. ऐन तारुण्यात विधवा होऊन शारदाअक्का माहेरी आल्या, त्या घराचा शेवटचा शब्द होऊनच राहिल्या.

एका दुपारी पान वाढता वाढता जयसिंगरावांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाई कोसळल्या. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, बोलणे तुटले. रुग्णालयात डॉक्टर ऋतुराज म्हणाले, मानेतली डावी रक्तवाहिनी जवळजवळ बुजली आहे. तिथे तातडीने स्टेंट बसवला तर मेंदूचा बराच भाग वाचेल. वाट नेहमीची, मांडीतून. जयसिंगरावांनी सही केली.

थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. "दोन्ही पायांच्या धमन्या वर पोटापर्यंत बंद आहेत. तार सरकत नाही. उजव्या मनगटातून जाऊन पाहतो. तेही जमलं नाही, तर थेट मानेतून. पण लगेच."

"करा," जयसिंगराव म्हणाले.

मागून परिचारिका रेवा आली. "चूड़ियाँ नहीं उतर रहीं, अम्मा. हाथ सूजा है. तोड़नी पड़ेंगी."

बरोबर आलेल्या अक्का दारात आडव्या झाल्या. "तोडायच्या? नवरा समोर उभा असताना सवाष्णीच्या बांगड्या? साबण लावा, अख्ख्या उतरवा."

"आजी, तिकडे मेंदू मरतोय," डॉक्टर म्हणाले.

"आणि माझ्या भावाला काही झालं तर? तुम्ही आणून द्याल?"

रेवा घुटमळली. सवाष्णीच्या हातातली काच फोडायला तिचाही हात धजेना. तिने साबण लावून पाहिला. मनगट फेसाने भरले. बांगडी अंगठ्याच्या हाडाशीच अडली. ती परत बाहेर आली, तशा अक्का म्हणाल्या, "मग तेल लावून बघा."

तेल! त्या खिडकीत गिळलेले सगळे एकदम जयसिंगरावांच्या घशाशी आले.

"अक्का, बाजूला हो."

"जया, मी भोगलंय हे. माझ्या हातातल्या फोडल्या तेव्हा..."

"तुझा नवरा गेला म्हणून बांगड्या फुटल्या. बांगड्या फुटल्या म्हणून तो गेला नव्हता!"

"तू जिवंत असताना, अरे..."

"जिवंत आहे म्हणूनच सांगतोय! हो बाजूला!"

त्यांनी तिला दंडाला धरून दूर केले. अक्कांना त्यांनी असा हात कधी लावला नव्हता. रेवाने त्यांच्या अंगावर चढवलेला निळा झगा सावरत ते आत गेले. विजयालक्ष्मीबाईंचे डोळे उघडे होते. ओल्या मनगटावर टॉवेल टाकून जयसिंगरावांनी एकेक बांगडी मुठीत दाबून फोडली. मग डॉक्टरांनी त्याच मनगटातून वाट काढली आणि मानेत स्टेंट बसवला.

विजयालक्ष्मीबाई वाचल्या, पण वाणी पुरती परतली नाही. तो वेळ वाया गेला नसता तर किती शब्द वाचले असते, हे डॉक्टरांना सांगता आले नाही. जयसिंगरावांना राग आला तो त्याच न सांगता येण्याचा. अक्का मात्र लक्ष्मी तलावाकाठच्या देवळात जाऊन महालक्ष्मीची ओटी भरून आल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, "महालक्ष्मीनेच राखलं."

एके दिवशी बड्या बाजारातून त्या हिरव्या बांगड्या कागदात बांधून घेऊन आल्या आणि पुडी सोडून विजयालक्ष्मीबाईंपुढे ठेवल्या. "ये, हात दे. मोकळा हात बघवत नाही गं."

जयसिंगराव उठणार तोच विजयालक्ष्मीबाईंनी हात पदराखाली ओढला. शब्द कितीतरी वेळ सापडेना. मग अक्कांकडे रोखून पाहत, एकेक अक्षर उपसून काढावे तशा त्या म्हणाल्या,

"सा... बण."

अक्कांच्या हातातला कागद चुरगळला. म्हणजे तिने सगळे ऐकले होते.

जयसिंगरावांनी बांगड्या उचलल्या आणि अक्कांच्या हातात परत दिल्या. "दुकान उघडं आहे अजून. परत करून ये," ते म्हणाले. अक्का निघाल्या, तेव्हा दार लावायलाही ते उठले नाहीत.