पाचाला चिमूटभर कमी

जीवराम पाटलांचा ट्रक मी मोडला. हातात पाना न घेता, स्टिअरिंगला न शिवता आणि ट्रकपासून चांगले पाच कोस लांब, सातवी 'ब'ला त्रैराशिक शिकवत असताना मोडला. एवढ्या अंतरावरून ट्रक मोडणारा माणूस बोदवड तालुक्यात माझ्याआधी झाला नसावा.

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. मी मूळचा नाशिकचा. बोदवडला गणिताचा मास्तर म्हणून येऊन तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात आपण पक्के खानदेशी झालो, असा माझा समज झाला होता. शेवभाजीनं डोळ्यांतून धारा लागल्या तरी "आज जरा कमीच तिखट आहे" म्हणायचो. बोलताना मधूनच एखादं "मले", "तुले" टाकून द्यायचो. लोक हसायचे. मला वाटायचं, कौतुकानं हसतात.

माझ्या खोलीसमोर जीवरामभाऊंचं घर. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं सुकलेल्या तुरीच्या काडीसारखे, आणि तोंडात बोलण्यापेक्षा सुपारी जास्त. भावांनी शेती घेतली तेव्हा भाऊंनी ट्रक घेतला. लष्करानं लिलावात काढलेला, हिरवा रंग उडालेला, पुढं दोन डोळे बटबटीत. गावानं त्याचं नाव 'मिल्ट्री' ठेवलं होतं. पावसाळ्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळीच्या बागा कापणीला आल्या की तिथं बैलगाडी आसापर्यंत बुडायची आणि ट्रॅक्टर नुसताच जागेवर गरगरायचा. मग कोणीतरी सायकल मारत बोदवडला यायचा, "भाऊ, मिल्ट्री लावा."

"बाकीचे टरक मांगच्या दोन पायांवर चालतात, मास्तर," भाऊ मला सांगत, "माही मिल्ट्री चारी पायांवर चालते."

बारा वर्षं ती चारी पायांवर चालली. मग सत्याऐंशीच्या आषाढात तिच्या पुढच्या पायातलं काहीतरी कडाडलं. पुढच्या आसाच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याचं फिरणं तो चाकांकडं वळवतो. मागच्या आसालाही तसाच एक असतो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, भाऊ नुसतं 'गोळा' म्हणत. तर त्या पुढच्या गोळ्यातल्या चक्राचे दात पडले होते.

दात पडायला आणि भाऊंचा मेहुणा जेवायला यायला एकच गाठ पडली. रुपचंद जळगावच्या एका डाळ मिलमध्ये व्यवस्थापक होता. वरणात भात कालवता कालवता तो म्हणाला, "दाजी, आता पुरे करा ते लोखंड. मिलच्या गेटावर खुर्ची रिकामी आहे. म्हणाल तर उशीपण देतो."

"तुही उशी तुह्याच उशाले घे," भाऊ म्हणाले.

 कुंदाअक्कांनी त्या दिवशी नवऱ्याला एक भाकरी जास्त वाढली.

तो गेल्यावर भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ सुपारी चघळली. "मास्तर, गोळा भेटला तं ठीक. नाही भेटला तं या साली मी त्या गेटावर बसतो. मंग टरक येतीन, अन् मी त्याईले सलाम ठोकीन." मग थुंकून म्हणाले, "त्यापेक्षा मेलेलं बरं."

गोळा कुठलाही बसवून चालत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. चाक एकदा फिरतं तेव्हा दांडा किती वेळा फिरतो, हा आकडा पुढं आणि मागं एकच लागतो. "एक बैल पाच पावलं टाकते अन् दुसरा सहा टाकते, तं मधी काय मोडते?" भाऊंनी विचारलं. "जू," मी म्हणालो. "मंग झालं तं. गनिताचे मास्तर असून समजलं तुमाले."

आकड्याची पाटी गंजून केव्हाच पडली होती. म्हणून भाऊंनी मागचं एक चाक जॅकवर उचललं, दांड्याला सुतळीची गाठ बांधली आणि गाडीखाली आडवे झाले. चाक मी फिरवायचं. गाठ तळहाताला लागली की ते मोजणार.

"दोन फेरे फिरवा," खालून आवाज आला.

"एकाच फेऱ्याचा हिशोब पाहिजे ना?"

"दुसरं चाक जमिनीवर हाये ना. अर्धं फिरनं तिकडं पळून जाते. तुमी फिरवा, शिकवू नका."

मी फिरवलं. उत्तर आलं, "पाचाले चिमूटभर कमी."

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. समोर दांडा दिसत असताना माणूस गाठ बांधून हातानं कशाला मोजेल? दोन दिवसांनी एस.टी.त ते मला म्हणाले, "धुळ्याची पाटी आली का सांगजा," आणि पाटी खिडकीला खेटून गेली होती. मी बघितलं त्यांच्याकडं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं.

"अक्कांना माहीत आहे?"

"कोनालेच नाही. अन् तुमालेही नाही," भाऊ म्हणाले. आंधळ्याच्या गाडीत कोणी केळी भरत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला भागाकारासाठी बरोबर घेतलं, असं त्यांनी गावात सांगितलं होतं. खरं तर त्यांनी माझे डोळे बरोबर घेतले होते.

धुळ्याला आग्रा रोडच्या कडेला पितांबर नावाचा भंगारवाला होता. त्याच्या आवारात ट्रकांची हाडं पडलेली, आणि शेजारी दिवसभर पत्रे ठोकायचं काम. हव्या त्या गाडीचे दोन गोळे त्यानं ओढून पुढं टाकले. दोन्हींवर सारखाच गंज.

"आकडा कितला शे?" भाऊंनी त्याच्याच बोलीत विचारलं.

"आकडा बिकडा काय भाऊ. बठ्ठा सारखाच शेतस. डोया मिटीसन उचला."

सगळे सारखेच म्हणून डोळे मिटून उचलण्याची सूचना भाऊंना फारशी आवडली नाही. त्यांनी खडू मागितला. मोठ्या चक्राच्या एका दातावर मी खूण केली, गोळ्याच्या तोंडाशी जिथं दांडा जोडतात त्या गोल तबकडीवर दुसरी. तबकडीला पहार अडकवून ती दोन्ही हातांनी भाऊंनी फिरवायची, तेव्हा गाठ तळहाताला लागायची सोय नव्हती. मोजायचं मी. मोठं चक्र एकदा फिरून जागेवर येईपर्यंत तबकडी किती वेळा फिरते, एवढंच.

आणि इथं माझं खानदेशीपण उफाळून आलं. बोदवडच्या बाजारात धान्य मापताना मापारी सुरुवातीला "लाभ" म्हणतात, ते मी येता-जाता ऐकलं होतं. वाटलं, शुभकामाचा श्रीगणेशा असतो तसा हा लाभ. आज याहून शुभ काम कुठलं? तबकडीवरची खूण पहिल्यांदा फिरून वर आली, तसा मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "लाभ." मग एक. मग दोन. तीन. मोठ्या चक्राची खूण जागेवर आली तेव्हा तबकडीचा फेरा पुरा व्हायला थोडा उरला होता.

"किती?" ठोकाठोकीच्या वरताण भाऊ ओरडले.

"तीन आणि वर बरंच. चाराला चिमूटभर कमी."

"हा नाही. दुसरा घ्या," भाऊ म्हणाले.

दुसरा घेतला. लाभ, एक, दोन, तीन, चार, आणि वर बरंच. "भाऊ, पाचाला चिमूटभर कमी."

भाऊंनी पहार खाली ठेवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचे दात बघितले. पितांबरला म्हणाले, "बठ्ठा सारखाच म्हणत व्हता ना रे? आमना मास्तरनं पकडा बघ."

परतीच्या एस.टी.त मधल्या वाटेत गोळा होता. माझी पँट ग्रीसनं कायमची कामातून गेली, पण छाती चार बोटं फुगलेली होती. कंडक्टर म्हणाला, "हे काय घेऊन चालले?" भाऊ म्हणाले, "जावई हाये. धुळ्याहून आनला." बस हसली. त्या माणसानं एवढी लांब चेष्टा केलेली मी आधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही.

गोळा बसवल्यावर ते एकदा म्हणाले, "गाठ बांधून परत पाहू का? मनाची खात्री."

मी म्हणालो, "भाऊ, मी गणिताचा मास्तर आहे."

त्यांनी सुतळी पुन्हा खुंटीला अडकवली.

पक्क्या रस्त्यावर मिल्ट्री मागच्या दोन पायांवरच चालायची. पुढचे पाय फक्त चिखलात लावायचे, त्यामुळं आठ दिवस कोणाला काही कळलं नाही. नवव्या दिवशी तापीकाठच्या एका बागेतून केळी काढताना भाऊंनी पुढचे पाय लावले. गाडी गुरगुरली, पण चिखलात चाकं घसरतात, एकमेकांचं ऐकून घेतात. निघाली. पुढं शंभर पावलं मुरुमाचा घट्ट रस्ता आणि त्यानंतर परत चिखल. तेवढ्यासाठी काय बदलायचं, म्हणून बारा वर्षांच्या सवयीनं त्यांनी चारही पाय तसेच ठेवले. मुरुमावर चाकांना घसरायला जागा नव्हती. पुढचा बैल एक चाल चालला, मागचा दुसरी. पुढं-मागं ताकद वाटून देणारा मधला लोखंडी डबा उभा फाटला, आणि बारा वर्षांचं तेल रस्त्यावर सांडलं.

तसला डबा कुठंच मिळेना. धुळ्याला नाही, मालेगावला नाही, इंदूरहून पत्राचं उत्तर आलं, "सदर माल येत नाही." पण डबा ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट अशी, की भाऊंना वाटलं ही चूक त्यांची. मुरुमावरचा दगड दिसला नसेल, गाडी त्यावर आदळली असेल. कोणी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनीच चावडीपुढं उभं राहून सांगितलं, "मले दिसत नाही. दोन वरसं झाले. माह्यावर कोनी माल टाकू नका." कुंदाअक्कांना हे चावडीवरून कळलं. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अन् रोज दिवा जवळ सार म्हनत, तं मले वाटे तेल वाचवून राह्यले."

डोळ्याच्या डॉक्टरकडं चला म्हणून मी दोनदा मागं लागलो. "आता पाहू कायले?" ते म्हणाले. मिल्ट्री लोहारानं जागेवरच कापून नेली. पोळ्याच्या आधीच्या सोमवारी भाऊ जळगावला गेले, वळकटी घेऊन. रुपचंदनं शब्द पाळला होता. उशी दिली होती.

दिवाळीनंतर मी बाजार समितीत गेलो होतो, वर्षाची ज्वारी भरायला. तोताराम मापारी माप टाकत होता. "लाभ... लाभ... लाभ. दोन... दोन... दोन. तीन..."

मी म्हणालो, "तोतारामभाऊ, एक राहिलं."

"कोठी?"

"लाभ झाल्यावर एक कुठं म्हणालात? एकदम दोनावर गेलात."

तोतारामनं माप तसंच धरून माझ्याकडं बघितलं. "लाभ म्हंजेच एक ना, मास्तर. एक म्हटलं तं धान एकटं पडते, म्हनून लाभ म्हनतात. इतले वरसं झाले तुमाले येऊन."

ज्वारी तशीच ओतलेली राहिली. मी पोत्यावर बसलो आणि बोटांवर मोजायला लागलो. लाभ, एक, दोन, तीन, चार, वर बरंच. म्हणजे पाच आणि वर बरंच. सहाला चिमूटभर कमी. आणि पहिला गोळा, तो टाकून दिलेला, चाराला नव्हे, पाचाला चिमूटभर कमी होता. भाऊंनी हातात धरलेला होता तो. मी चाराला कमी म्हणालो म्हणून त्यांनी तो सोडला. सातवी 'ब' मधला मागच्या बाकावरचा पोरगा ही चूक करता ना.

दुसऱ्या दिवशी शाळा टाकून जळगाव गाठलं. वाटभर वाटत होतं, निदान हे तरी त्यांना परत देता येईल, की त्यांच्या डोळ्यांनी काही केलं नव्हतं. डाळ मिलच्या गेटाशी तुरीच्या टरफलांची धूळ उडत होती. भाऊ खुर्चीवर होते, खाकी शर्ट खांद्यांवरून उतरलेला. शर्ट बहुधा आधीच्या माणसाचा. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी ओळखलं नाही. आवाजावर ओळखलं.

"मास्तर का? शाळेले सुटी हाये?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाभाचं, एकाचं, पहिल्या गोळ्याचं. मुरुमावर दगड नव्हता, हेही सांगितलं. ते ऐकत होते. सुपारी चघळणं मधेच थांबलं, मग परत सुरू झालं. मला वाटलं होतं शिव्या देतील. निदान हसतील. मी म्हणालो, "चूक तुमची नव्हती, भाऊ. गावात जाऊन सांगतो मी सगळ्यांना."

 भाऊ खुर्चीच्या दांडीला धरून सावकाश उठले आणि गेटाच्या कडीकडं हात चाचपत निघाले. मी मागं मागं. माझ्याच्यानं राहवेना. "भाऊ, काहीतरी बोला. मी आता काय करू?"

भाऊंनी कडी काढली.

"बाजूले सरका, मास्तर, टरक येऊन राह्यला."